रात्री दोनची अस्वलं

या वेळचं पत्र साताऱ्याहून आलंय. लिहिणाऱ्या बाईंनी नावाच्या जागी 'रात्रपाळी' असं लिहिलंय, तेच ठेवते. पत्र मोठं आहे, थोडं कमी करून देतेय.

"ताई, माझं वय ४३. दोन वर्षांपूर्वी आईला पॅरॅलिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, पण समजतं सगळं. माझ्याकडेच असते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर बघायचा, त्यामुळे अकरा, एक, तीन, पाच असे गजर लावलेत. मधे झोप लागत नाही. गेल्या जुलैत रात्री मोबाईल चाळताना अलास्कातल्या अस्वलांचा लाइव्ह कॅमेरा सापडला आणि मी त्यांचीच झाले. सप्टेंबरमध्ये त्या मोडक्या जबड्याच्या अस्वलाला मासा खाताना बघून आधी रडले, मग ते पाण्यात म्हशीसारखं बसकण मारून बसलं तेव्हा इतकं हसू आलं की ओढणी तोंडात कोंबावी लागली, आई शेजारीच झोपलेली. आणि लगेच स्वतःची लाज वाटली, आई अशी आणि मी हसते? मिस्टर म्हणतात, अस्वलं बघून आई बऱ्या होणार आहेत का, त्यापेक्षा झोपत जा. एक सांगते, वेडेपणा वाटेल, पण ज्या रात्री अस्वलं बघते त्या रात्री तीनच्या गजराला माझा हात मऊ असतो, आई पण कमी कण्हते. आता थंडीत अस्वलं झोपली, कॅमेऱ्यावर जुनंच दाखवतात, म्हणून मी प्राण्यांची रील्स बघायला लागले आणि त्याने उलट डोकं भणभणतं, चार वाजतात तरी बोट थांबत नाही. हे व्यसन आहे का? मी पळ काढतेय का? आईचं माहेर गुहागर, तिला गाई, मांजरं, सगळ्याचंच वेड होतं, तेच माझ्यात आलं असेल."

रात्रपाळीताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले, तीनच्या गजराला हात मऊ असतो. तुम्ही त्याला वेडेपणा म्हणताय, मला अख्ख्या पत्रात सगळ्यात शहाणं वाक्य तेच वाटलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणं म्हणजे काय ते केलेल्यालाच कळतं, चादर सारखी करायची, गुडघा दुमडायचा, एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि आपण वैतागलेलो असलो की तो वैताग बरोबर हातातून उतरतो, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला तो सगळ्यात आधी कळतो. तेव्हा मिस्टरांना सांगा, अस्वलांनी आई बऱ्या होणार नाहीत हे मलाही माहितीये, पण रात्री तीनला त्यांना हात लावणारं माणूस थोडं बरं असतं, आणि आईंच्या पाठीला त्याचा फरक पडतो.

पळ काढणारी बाई गजर बंद करून झोपते हो. तुमच्या पत्रात एकही गजर चुकल्याचं नाही. तुम्ही त्याच खोलीत, त्याच खुर्चीत, आईच्या श्वासाकडे कान ठेवून बसलेल्या असता, फक्त डोळ्यांना जरा दुसरीकडे बसवलेलं असतं.

आमच्याकडचं सांगते. २०२२ साली माझ्या नवऱ्याच्या केमोच्या सायकल चालू होत्या. केमो झाल्यावर पुढचे तीन-चार दिवस फार वाईट जायचे, मळमळ, झोप नाही, बोललेलं सहन व्हायचं नाही, टीव्हीचा आवाज नको, बातम्या नकोत, फोन नको. मुलीने कुठून तरी नामिबियातल्या वाळवंटातल्या एका पाणवठ्याचा लाइव्ह कॅमेरा शोधून टीव्हीवर लावून दिला. आपल्यापेक्षा नामिबिया साडेतीन तास मागे, म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा वाजले की तिथे सात, दिवस मावळायची वेळ. लाल माती, मधे एक छोटं तळं, मागे काहीच नाही. पहिली वीस मिनिटं काहीसुद्धा झालं नाही आणि मी रिमोट शोधायला लागले तर हा म्हणाला, राहू दे.

मग एक ओरिक्स आला. हरणाच्या जातीतला, पण अंगाने गाईएवढा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर दोन सरळसोट लांब शिंगं. मला वाटलं होतं तहानलेलं जनावर आहे, धावत येऊन पाण्यात तोंड घालेल. छे. तो लांबच उभा राहिला. डावा कान हलला, मग उजवा. चार पावलं. पुन्हा उभा. पाण्याच्या काठाला येऊनसुद्धा पाच-सहा मिनिटं नुसता बघत होता, मग मान खाली, ओठ पाण्याला लागले, एक गोल तरंग निघाला, की लगेच मान वर, कारण तिकडून एक कोल्हा येत होता. कोल्हा बाजूने पाणी प्यायला, गेला, आणि मग कुठे या साहेबांनी मान घातली ती चांगली पोटभर पिऊनच काढली. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो होतो. त्या पाऊण तासात याला एकदाही मळमळलं नाही असं मी म्हणणार नाही, मळमळलं, पण त्याचं लक्ष तिकडे होतं. दुसऱ्या दिवशी रात्री त्यानेच विचारलं, आला का गं तो शिंगवाला? केमो सुरू झाल्यापासून पहिल्यांदा त्याने रिपोर्ट सोडून कशाची तरी वाट बघितली होती. आता तो ठीक आहे, आणि हा प्रश्न आमच्या घरात अजून विचारला जातो.

म्हणून मला तुमची अस्वलं लगेच समजली. ते जनावर आपल्याकडून काही मागत नाही हो. दिवसभर प्रत्येक जण काहीतरी मागत असतो, आई डोळ्यांनी, घरातले तोंडाने, नातेवाईक फोनवर "कशी आहे आता" विचारून, आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचं असतं. अस्वलाला तुम्ही आहात हेच माहीत नाही. त्याचा मासा सुटला तर तुमची चूक नाही, मिळाला तर तुमचं कर्तृत्व नाही. किती हलकं वाटतं ते.

आणि वेळ बघा कशी जुळलीये. तुमचे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा उन्हाळ्यात अलास्कात आदल्या दिवशीचे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, लख्ख ऊन. कॅटमाय नॅशनल पार्कमधली ती ब्रूक्स नदी, त्यावरचा दोनेक मीटरचा धबधबा, समुद्रातून वर चढत आलेले लालसर सॅल्मन मासे त्यावरून उड्या मारतात आणि अस्वलं काठावर तोंड उघडून उभी. तुमचं मोडक्या जबड्याचं अस्वल म्हणजे ३२ नंबर, लोक त्याला चंक म्हणतात. २०२५च्या उन्हाळ्यात बहुतेक दुसऱ्या नराशी झालेल्या भांडणात त्याचा जबडा मोडला आणि तरी सीझनअखेर ते साडेपाचशे किलोच्या आसपास गेलं असा तिथल्या लोकांचा अंदाज, आणि दरवर्षी लोक ऑनलाइन मत देऊन सगळ्यात गुबगुबीत अस्वल निवडतात त्यात त्या वर्षी तेच जिंकलं. ही निवडणूक २०१४ पासून चालू आहे. त्यात गंमत आहेच, पण त्या चरबीला फार किंमत आहे, हिवाळाभर अन्नपाण्यावाचून गुहेत पडून राहायचं आणि बाहेर येईपर्यंत वजनाचा तिसरा हिस्सासुद्धा उतरू शकतो. तुम्ही आईंना मऊ भात, पेज चमच्याचमच्याने भरवत असाल, एकेक घास ठसका न लागता खाली गेला की आपल्याला केवढं हुश्श होतं. मग मोडक्या जबड्याने मासा खाणारं अस्वल बघून तुम्ही रडलात यात मला काहीच नवल वाटलं नाही. तुम्हाला त्या घासाची किंमत माहितीये.

आता त्या हसण्याबद्दल. आई शेजारी असताना हसलात म्हणून लाज वाटली म्हणता. ताई, ज्या बाईला गाई-मांजरांचं वेड होतं तिच्या शेजारी तुम्ही अस्वलाला हसलात, आणि तिला ते दाखवलं नाहीत, मला खटकलं तर एवढंच खटकलं. आईला समजतं सगळं असं तुम्हीच लिहिलंय. मग फोन तुमच्या हातात अंधारात कशाला? दिवसा किंवा संध्याकाळी, त्या जाग्या असतील तेव्हा, टीव्हीवर किंवा टॅबवर लावा, आणि त्यांच्या डाव्या बाजूला ठेवा, झटक्यानंतर काही जणांना एका बाजूचं नीट दिसत नाही, डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. आवाज बारीक, पण ठेवा, पाण्याचा, वाऱ्याचा आवाज. शेजारी बसून काही समजावून सांगत बसू नका. पहिल्या दिवशी काही होणार नाही, दुसऱ्या दिवशी डोळे तिकडे गेले तर बघा.

आणि त्यांना गुहागरच्या कासवांचं सांगा! त्यांना माहेरचा समुद्र माहितीये, ही गोष्ट बहुधा माहीत नसेल. कोकणात थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वाळूत येऊन अंडी घालतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती घरटी राखायला सुरुवात केली, पुढे बऱ्याच किनाऱ्यांवर हे काम पसरलं. २०२२च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावला, तिचं नाव प्रथमा, आणि २०२३च्या फेब्रुवारीत गुहागरच्याच किनाऱ्यावर दोघींना, एक बागेश्री आणि एक चक्क गुहा. बागेश्री कुठवर गेली माहितीये? खाली केरळ, तिथून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात. लोक घरबसल्या नकाशावरचा तो ठिपका बघत होते, आज कुठे पोचली, आज कुठे. आणि उलटंही झालं, २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर नंबरचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. तिकडून निघून अख्खा किनारा फिरून ती तुमच्या आईच्या माहेरी आली. पिल्लं समुद्रात सोडतानाचे व्हिडिओ मार्चच्या सुमारास भरपूर येतात, ते आईंना दाखवा, वाळूवरून घसटत जाणारी ती एवढीएवढीशी काळी पिल्लं आणि मागे गुहागरच्या बाजूचा तो समुद्र.

रील्सकडे येते, कारण तिथे मला तुमची खरंच काळजी वाटते. तुमचं डोकं भणभणतं ते बरोबरच आहे. लाइव्ह कॅमेऱ्यात वाट बघावी लागते म्हणून जीव शांत होतो, रीलमध्ये वीस सेकंदांत सगळं उरकतं आणि खालून पुढचं डोकं वर काढतं, त्यात थांबायची जागाच नसते. शिवाय बरंचसं खोटं किंवा क्रूर असतं. ते मोठ्या डोळ्यांचं, माकडांच्या नात्यातलं छोटं जनावर, स्लो लोरिस, गुदगुल्या केल्या की हात वर करतं आणि लोक "किती गोड" लिहितात. ते हात वर करतं कारण त्याची विषाची ग्रंथी कोपराच्या आतल्या बाजूला असते आणि घाबरलं की ते ती चाटायला हात वर नेतं. म्हणजे ते भ्यालेलं असतं. विकायच्या आधी पुष्कळदा त्यांचे दात काढलेले असतात. चिंपांझी दात विचकून "हसतो" तेव्हाही बहुतेक वेळा घाबरलेला असतो. अजगराच्या विळख्यात सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू आणि वेळेवर धावून आलेला माणूस, असं दिसलं की एकच विचारा, कॅमेरा तिथे आधीपासून कसा काय होता? तसली बरीच पिल्लं व्हिडिओसाठीच संकटात टाकलेली असतात. आणि २०२५च्या जुलैत रात्रीच्या अंगणात ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणारे ससे जगभर फिरले, कोट्यवधी लोकांनी बघितले, ते एआयने बनवलेले निघाले. त्या सशांनी कुणाला त्रास झाला नाही हे खरं, पण मला वाईट वाटलं, कारण ज्यांना त्या रात्री तेवढाच आनंद मिळाला होता त्यांचा तो काढून घेतल्यासारखं झालं. जो कॅमेरा नुसता खांबाला लावलेला आहे, ज्यात अर्धा वेळ काही घडत नाही आणि जनावर आपल्या मर्जीने येतं-जातं, तो बघा.

थंडीत काय बघायचं? आमचा पाणवठा वर्षभर चालू असतो, तुमच्या एकच्या गजरानंतर तिथे साडेनऊ-दहा झालेले असतात, अंधारातही दिसतं. दुसरं, कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरला पाइनच्या शेंड्यावर पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या जोडीचं घरटं आहे, मादी जॅकी आणि नर शॅडो, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत अंडी असतात. तुमचे दोन म्हणजे तिथली दुपार. बर्फ पडायला लागला तरी जॅकी उठत नाही, अंगावर थर साचत जातो आणि मग बर्फातून फक्त तिचं डोकं तेवढं दिसतं. २०२४ साली ती दोन महिन्यांच्या वर बसली होती, तीनही अंडी फुटली नाहीत. पुढच्या वर्षी तीन पिल्लं झाली, एक मार्चच्या वादळात गेलं, उरलेली दोन जूनमध्ये उडाली.

हे आधीच सांगितलं कारण खरं जनावर बघायचं म्हणजे हेही दिसतं. तुमच्या त्या ब्रूक्स धबधब्यावर २०२४ साली ग्रेझर नावाच्या मादीचं पिल्लू पाण्याबरोबर खाली आलं आणि चंकने त्याच्यावर हल्ला केला, पिल्लू गेलं. तोच चंक, हो. ग्रेझर त्या वर्षी निवडणूक जिंकली, त्याला हरवून. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस तो कॅमेरा लावला नाही. तुम्ही आधीच रोज रात्री एका श्वासाकडे लक्ष देऊन बसलेल्या, त्यामुळे ज्या रात्री मन हळवं असेल त्या रात्री पिल्लांच्या, अंड्यांच्या वाटेला जाऊ नका. कॅलिफोर्नियातल्याच माँटेरी बे अ‍ॅक्वेरियमचा जेलीफिशचा कॅमेरा लावा, ते नुसते तरंगत असतात. तो दिवसा चालू असतो, म्हणजे तुमच्या रात्री.

आणि मार्च ते मे नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात माशांची डोअरबेल असते, माझी फार आवडती. कालव्यातलं, बोटींसाठी पाणी अडवायचं दार वसंतात बहुतेक बंदच असतं आणि वर जाऊन अंडी घालायची असलेले मासे दाराशी खोळंबतात. २०२१ पासून तिथे पाण्याखाली कॅमेरा लावलाय, जगात कुठूनही बघताना मासा दिसला की स्क्रीनवरची बेल दाबायची, फोटो तिकडे जातो, पुरेसे मासे जमलेत असं दिसलं की माणूस दार उघडतो. मासे रात्रीच जास्त येतात. म्हणजे साताऱ्यात बसून, आईचा डायपर बदलून झाल्यावर, तुम्ही एका माशासाठी दार उघडायला लावू शकता.

व्यसनाचं विचारलंत म्हणून साधी खूण सांगते. बघून झाल्यावर फोन सहज खाली ठेवता येतो आणि हात मऊ असतो तर नाही. बोट थांबत नाही आणि डोकं भणभणतं तर ते बंद करायचं. रील्सचं अ‍ॅप रात्री फोनवर नकोच, दिवसा मुलाकडून किंवा कुणाकडून काढून घ्या, यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा, ब्राइटनेस अगदी खाली, एकच कॅमेरा, वीस मिनिटं.

पण मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे हेही सांगितलं पाहिजे. "त्यापेक्षा झोपत जा" यातलं झोपत जा बरोबर आहे. दोन वर्षं दोन-दोन तासांची झोप ही अस्वलांनी भरून निघणारी गोष्ट नाहीये. तेव्हा त्यांना शांतपणे सांगा, बरं, मी झोपते, बुधवार-शनिवारचे एक आणि तीनचे गजर तुमचे. कूस कशी बदलायची ते एकदा दाखवून द्या, अंगावरच्या कामाला संकोच वाटत असेल तर आठवड्यातून दोन रात्री ब्युरोची बाई लावा, पैशांचं जमत नसेल तर भावंडांना वाटून घ्यायला सांगा, मागायला लाजू नका. डॉक्टरांना हवेच्या गादीचंही विचारा, त्याने कधी कधी मधलं अंतर जरा वाढवता येतं, पण त्यांनी सांगितलं तरच. आणि कधी असं झालं की अस्वलं समोर आहेत आणि तुम्हाला काहीच वाटत नाहीये, ना हसू ना रडू, आठवडा-दोन आठवडे असंच, तर ते अंगावर काढू नका, १४४१६ हा मनाच्या त्रासासाठी सरकारने चालवलेल्या टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.

मिस्टरांच्या पहिल्या रात्रपाळीला त्यांना एकटं बसवू नका मात्र, आमचा पाणवठा लावून द्या. आणि जूनच्या शेवटी अस्वलं नदीवर परत यायला लागली की चंक दिसतो का, त्याचा जबडा कसा आहे, ते मला कळवा, आमच्याकडे दोघंही वाट बघतोय.

तुमची,
ताई